सभागृहातील संगणकापासून दूरच्या प्रोजेक्टरपर्यंत कोणती केबल टाकावी?

ग्रंथमित्र

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दीडशे श्रोत्यांचे सभागृह आहे. दिवाळीनंतरची व्याख्यानमाला, शाळांच्या वक्तृत्वस्पर्धा आणि अधूनमधून एखादा माहितीपट, असा त्याचा मुख्य उपयोग. संगणक व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यातील टेबलावर असतो आणि प्रोजेक्टर सभागृहाच्या मधोमध छताला टांगलेला आहे. दोहोंमधले सरळ अंतर जेमतेम ११ मीटर भरते; परंतु केबल टेबलापासून भिंतीत शिरते, भिंतीतून वर छताकडे जाते आणि तेथून कडेकडेने फिरून मध्यावर येते. दोरी लावून मोजले तेव्हा हा मार्ग २४ मीटर निघाला.

आजवर या मार्गात व्हीजीए केबल (चित्र नेणारी जुनी अॅनालॉग केबल) होती. देणगीतून नवा प्रोजेक्टर मिळाला असून त्याचे मूळ रिझोल्यूशन १९२० × १२०० आहे. जुन्या केबलवर चित्र दिसते, पण प्रत्येक अक्षराच्या उजव्या कडेला फिकट सावली पडते आणि देवनागरी मजकुरातील अनुस्वार व रफार मागच्या रांगांतून ओळखू येत नाहीत. शिवाय नव्या संगणकाला व्हीजीएचे तोंडच नसल्यामुळे मध्ये रूपांतरक लावून कसेबसे काम चालले आहे.

चौकशी केली असता एका दुकानदाराने २५ मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल (चित्र व आवाज एकत्र नेणारी डिजिटल केबल) दाखवली, खोक्यावर ‘२.१’ आणि ‘८के’ असे ठळक अक्षरांत छापले होते. दुसऱ्याने १५ आणि १० मीटरच्या दोन केबल घेऊन मध्ये जोडणीची डबी घालावी, असे सुचवले. ऑप्टिकल केबल आणि नेटवर्कच्या कॅट-६ केबलवरून चित्र नेण्याची सोय, या दोन गोष्टीही कानावर आल्या आहेत. भिंतीतील पीव्हीसी नळी २५ मिलिमीटरची असून तिला तीन वळणे आहेत. गिलावा व रंगकाम होऊन गेले आहे, त्यामुळे भिंत पुन्हा फोडण्यास कार्यकारिणी मुळीच तयार नाही. वाचनालयाचा पैसा एकदाच खर्च व्हावा आणि पुढची काही वर्षे पुन्हा हात लावावा लागू नये, या दृष्टीने जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कोकणकडा

मार्ग दोरीने मोजला हे उत्तम झाले. त्यात टेबलाकडे दोन मीटर आणि प्रोजेक्टरकडे एक मीटर ढील धरा. म्हणजे आपला विचार २७ मीटरचा आहे असे समजून चालावे.

पहिला प्रश्न केबलवरून नेमके किती ओझे जाणार हा आहे. १९२० × १२०० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना पिक्सेलचा ठोका १५४ मेगाहर्ट्झचा असतो. एचडीएमआयमध्ये रंगांसाठी तीन तारजोड्या असतात आणि प्रत्येक जोडीवरून दर ठोक्याला १० बिट जातात. म्हणजे एका जोडीवर १.५४ आणि तिन्ही मिळून ४.६२ गिगाबिट प्रति सेकंद. १०८०पी (१९२० × १०८०) साठी हाच आकडा ४.४६ होतो. फोर-के (३८४० × २१६०) चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे असेल तर तो ८.९१ आणि ६० वेळा पाठवायचे असेल तर १७.८२ वर जातो. आपल्या प्रोजेक्टरला यातले पहिलेच ओझे लागते आणि त्याच्या आयुष्यभर तेच लागेल. ‘८के’चा त्याच्याशी काही संबंध नाही.

खोक्यावरच्या ‘२.१’ या आकड्यालाही महत्त्व देऊ नये. आवृत्तीचा क्रमांक हा उपकरणांच्या प्रमाणाचा असतो, केबलचा नसतो, आणि केबलच्या वेष्टनावर तो छापण्यास परवाना देणाऱ्या संस्थेचीच मनाई आहे. केबलसाठी स्वतंत्र वर्ग आहेत: हाय स्पीड हा वर्ग १०.२ गिगाबिटपर्यंत, प्रीमियम हाय स्पीड १८ पर्यंत आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. शेवटच्या दोन वर्गांच्या वेष्टनावर भ्रमणध्वनीने तपासता येईल असे प्रमाणपत्राचे लेबल असते. निव्वळ तांब्याची अल्ट्रा हाय स्पीड केबल फार तर पाच मीटरच्या आसपास मिळते. तेव्हा २५ मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर जो विक्रेता असा दावा छापतो, त्याच्या बाकीच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवायचा हे आपणच ठरवा.

एचडीएमआयच्या प्रमाणात लांबीची मर्यादा मीटरमध्ये दिलेलीच नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाला सिग्नल किती शाबूत राहिला पाहिजे एवढेच ते सांगते. तांब्याच्या तारेत वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत सरकतो आणि भोवतीचे प्लास्टिकही ऊर्जा शोषते, त्यामुळे सिग्नलचा वेगवान भाग आधी मरतो. जाड, २४ गेजच्या तारेची चांगली केबल १०८०पी चे काम १० ते १५ मीटरपर्यंत बहुधा निभावते, पण २७ मीटर हा जुगार आहे. शिवाय यातली अडचण हळूहळू जाणवत नाही. व्हीजीएमध्ये चित्र धूसर होत जाते आणि आपण ते सहन करत राहतो. एचडीएमआयमध्ये काठावरची केबल आधी गडद भागांत लुकलुकणारे ठिपके दाखवते, नंतर दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन पुन्हा उजळतो आणि त्याच्या थोडेसेच पुढे काहीच दिसत नाही. दुकानात चाललेली केबल व्याख्यानाच्या दिवशी बंद पडते ती यामुळेच. तिथे ती काठावर होती, इथे काठाखाली गेली.

याच केबलमध्ये एक संथ जोडीही असते. तिच्यावरून प्रोजेक्टर आपली ओळख, म्हणजे कोणकोणती रिझोल्यूशने चालतात याची यादी, संगणकाला कळवतो. लांबी वाढली की या जोडीतील धारिता (विद्युतभार साठवून ठेवण्याचा गुण) वाढते आणि ठोक्यांच्या कडा गोल होतात. मग संगणकाला प्रोजेक्टर ओळखता येत नाही व तो निमूटपणे १०२४ × ७६८ वर जाऊन बसतो. अशा वेळी लोक प्रोजेक्टरला दोष देतात.

मधल्या डबीचा सल्ला तर मुळीच मानू नका. साधी जोडणीची डबी सिग्नल वाढवत नाही, उलट प्रत्येक जोडावर थोडा परत फिरवते. वीज घेणारी पुनरावर्तक डबी वाढवते खरी, पण ती भिंतीत किंवा छतात गाडली जाणार आणि एक दिवस तिथेच मरणार.

माझे मत असे की भिंतीत जाणारी वस्तू साधी, स्वस्त आणि कापून पुन्हा जोडता येण्याजोगी असावी; नाजूक आणि महाग ते सारे भिंतीबाहेर, शिडीवर चढून हाताला लागेल अशा जागी असावे. या कसोटीवर २७ मीटरला एचडीबेसटी हाच मार्ग उरतो. एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स यांनी २०१० मध्ये एकत्र येऊन पुढे आणलेले हे तंत्र एकाच नेटवर्क केबलवरून न दाबलेले चित्र व ध्वनी नेते. त्याचे साधे संच १०८०पी चे चित्र ७० मीटरपर्यंत नेतात आणि वरच्या प्रतीचे १०० मीटरपर्यंत, त्यामुळे आपल्या अंतराला साधा संचही पुरून उरेल.

एक गोष्ट कृपया पाहून सांगा. प्रोजेक्टरच्या मागे नेटवर्क केबलचे तोंड आहे का, आणि असल्यास त्यावर काय लिहिले आहे? सभागृहासाठीच्या काही प्रोजेक्टरांत एचडीबेसटीचा ग्राहक, म्हणजे सिग्नल घेणारा भाग, आतच असतो. मग संगणकाकडचा प्रेषक, म्हणजे सिग्नल पाठवणारी डबी, तेवढा विकत घ्यावा लागतो.

भीमथडी

कोकणकडा यांच्या गणिताशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. २७ मीटरला ऑप्टिकल एचडीएमआय केबल हे अधिक सुटसुटीत उत्तर आहे. तिच्या दोन्ही टोकांच्या बोंडांत चिप असते. संगणकाकडचे बोंड विजेचे रूपांतर प्रकाशात करते, चार बारीक काचतंतूंतून तो प्रकाश जातो आणि पलीकडचे बोंड त्याची पुन्हा वीज करते. या अंतरात प्रकाशाची घट नगण्य असल्यामुळे १८ गिगाबिटचे चित्र ३० मीटरलाही जसेच्या तसे उतरते. उद्या कोणी फोर-के प्रोजेक्टर देणगी दिला तर हीच केबल चालेल. एचडीबेसटीच्या सुरुवातीच्या पिढ्यांची झेप १०.२ गिगाबिटपर्यंत होती, त्यामुळे ६० हर्ट्झचे फोर-के चित्र त्यांवरून न्यायचे तर रंगाची माहिती कमी करावी लागते आणि निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे कडेला माखल्यासारखी दिसतात. पूर्ण १८ गिगाबिट नेणारी तिसरी पिढी २०२१ मध्ये आली. तिचे संच अजून महाग आहेत.

दुसरा फायदा असा की मध्ये डब्या नाहीत, वीजजोडणारे अडॅप्टर नाहीत, संच जुळतो की नाही याची चिंता नाही. वाचनालयाचा शिपाई किंवा एखादा उत्साही विद्यार्थीही ती लावू शकतो.

मात्र तीन पथ्ये पाळावी लागतात. केबलला दिशा असते. एका बोंडावर स्रोत आणि दुसऱ्यावर पडदा असे लिहिलेले असते, आणि उलटी ओढली गेली तर पुन्हा बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. तिला तीव्र कोनात दुमडता येत नाही, आणि ओढताना बोंडाला धरून ओढायचे नाही. तिसरे पथ्य विजेचे: केबलमधील चिप एचडीएमआयच्या पाच व्होल्टच्या तारेवर जगते, आणि प्रमाणानुसार स्रोताने किमान ५५ मिलिअँपिअर पुरवले म्हणजे झाले. काही लॅपटॉप त्याहून फारसे अधिक देत नाहीत. म्हणून ज्या केबलला यूएसबीतून जादा वीज घेण्याचे शेपूट आहे तीच घ्यावी.

वळिवाच्या दिवसांत आपल्याकडे विजांचा कडकडाट असतो, त्या दृष्टीनेही इमारतीभर फिरलेल्या लांब तांब्यापेक्षा काच बरी.

ग्रंथमित्र

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विचारलेली माहिती देतो. प्रोजेक्टरच्या मागे नेटवर्क केबलचे एकच तोंड आहे आणि त्यावर फक्त ‘लॅन’ असे लिहिले आहे. एचडीएमआयची दोन तोंडे आहेत. प्रोजेक्टरच्या शेजारी छतावर विजेचा एकच सॉकेट आहे आणि तो प्रोजेक्टरनेच व्यापला आहे.

आमच्या वायरमनला विचारले असता असे कळले की जुनी व्हीजीए केबल नळीतून ओढताना तिला बोंडे नव्हतीच. केबल आत सरकवल्यावर त्याने दोन्ही बाजूंना तारा डाख देऊन जोडल्या होत्या. एचडीएमआयची केबल अशीच ओढून नंतर बोंड लावता येईल का, असे तो विचारतो. बाहेरून येणारे वक्ते बहुधा स्वतःचा लॅपटॉप आणतात, हीही गोष्ट ध्यानात घ्यावी.

कोकणकडा

वायरमनचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. एचडीएमआयच्या बोंडात १९ टोके असतात, त्यातील वेगवान जोड्यांची पिळण आणि त्यांमधील अंतर बोंडापर्यंत काटेकोर राखावे लागते. जागेवर डाख देऊन केलेला जोड कमी लांबीवर एखादेवेळी चालेलही, पण २७ मीटरवर जिथे आधीच काही शिल्लक नाही तिथे तो चालणार नाही. ऑप्टिकल केबलबाबत तर हा विचारही करता येत नाही.

आता आपली नळी पाहू. २५ मिलिमीटर हे पीव्हीसी नळीचे बाहेरचे माप असते. आतून ती साधारण २१ ते २२ मिलिमीटरच भरते. एचडीएमआयच्या बोंडाचा नुसता धातूचा भाग जवळजवळ १४ मिलिमीटर रुंद असतो, त्यावरचे प्लास्टिकचे आवरण वीस मिलिमीटरच्या आसपास जाते आणि हा सारा ताठ भाग बोटाएवढा लांब असतो. सरळ नळीतून तो कदाचित सरकेल. तीन वळणांतून सरकणार नाही, आणि दुसऱ्या वळणात अडकला तर पुढेही जाणार नाही व मागेही येणार नाही. भीमथडी सुचवतात ती केबल घ्यायचीच असेल तर ज्या प्रकारात टोकाला लहान बोंड असते आणि मोठे बोंड नंतर वरून बसवता येते, तोच प्रकार घ्यावा लागेल. तो मिळतो, परंतु त्या मोठ्या बोंडाचा जोड छताला टांगलेल्या प्रोजेक्टरमागे वर्षानुवर्षे घट्ट राहील का, याविषयी मला शंका आहे. आणि केबलच्या मध्यावर एखादा काचतंतू तुटला, किंवा बोंडातील चिप गेली, तर अख्खी केबल फेकून दुसरी घालावी लागते.

फोर-केचा मुद्दा खरा आहे. पण शेवटच्या रांगेतून वाचायच्या मजकुराला १९२० × १२०० पुष्कळ झाले, आणि फोर-के प्रोजेक्टर आलाच तर बाहेरच्या दोन डब्या बदलतील, भिंतीतली तार तीच राहील.

एचडीबेसटीचा संच घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. आपल्या प्रोजेक्टरचे ‘लॅन’ हे तोंड केवळ नियंत्रणासाठी आहे. त्यात एचडीबेसटीची केबल खुपसू नये. म्हणजे प्रेषक आणि ग्राहक अशा दोन्ही डब्या लागतील. छतावर मोकळा सॉकेट नाही, म्हणून एकाच बाजूने वीज देऊन दुसरी डबी केबलवरूनच चालते असा संच निवडावा आणि अडॅप्टर टेबलाकडे ठेवावा. बाजारात ‘कॅट-६ एक्सटेंडर’ या नावाखाली निराळ्याच वस्तूही विकल्या जातात. काही दोन-दोन नेटवर्क केबल मागतात आणि त्यांत सिग्नल सावरण्याची काहीच सोय नसते. काही चित्र दाबून नेटवर्कच्या पॅकेटांतून पाठवतात, त्यामुळे माउस हलवल्यानंतर पडद्यावरचा बाण रेंगाळत मागून येतो. माहितीपटाला ते चालेल, पण वक्त्याला त्रास होतो. वेष्टनावर एचडीबेसटीचे चिन्ह आहे याची खात्री करावी, आणि १९२० × १२०० चा उल्लेख माहितीपत्रकात आहे हेही पाहावे, कारण काही संच १०८०पी वरच थांबतात.

सर्वांत जास्त काळजी मात्र केबलची घ्यावी लागते. कॅट-६ म्हणून जी ३०५ मीटरची खोकी स्वस्तात मिळतात, त्यांतल्या पुष्कळ केबलमध्ये अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडावी. आत पांढरे चकाकले तर ते अॅल्युमिनियम आहे. तीच तार नखाजवळ चार-सहा वेळा मागेपुढे वाकवली की ती मोडते. तांबे इतक्या लवकर मोडत नाही. २३ गेजची, एकसंध शुद्ध तांब्याची कॅट-६ हवी. बारीक तारांची लवचिक जोडकेबल भिंतीत घालू नये. एक नव्हे, दोन केबल एकदमच ओढाव्यात. प्रत्येकीची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास असल्याने नळीत जागा मुबलक राहते, आणि दुसरी केबल आज वापरायची नसली तरी तिचे मोल पुन्हा नळी उघडण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी कमी आहे.

टोके बांधताना ५६८-बी हाच रंगक्रम दोन्हीकडे ठेवावा. वायरमनला एक गोष्ट आवर्जून सांगा: तिसरी आणि सहावी पिन मिळून एक पिळलेली जोडी झाली पाहिजे. रंग ओळीने सरळ लावत गेले तर आठ दिव्यांचा परीक्षक आठही दिवे नीट लावून दाखवतो, कारण तो फक्त तार पोचली की नाही तेवढेच पाहतो. जोड्या फुटल्याचे त्याला कळत नाही, आणि चित्र मात्र येत नाही.

ध्वनिवर्धक

मी सभागृहांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून चित्राच्या चर्चेत दोन शब्द आवाजाविषयी आणि विजेविषयी.

एचडीएमआयवरून आवाजही प्रोजेक्टरकडे जातो आणि तिथल्या टीचभर स्पीकरमधून बाहेर पडतो. तो तिथून पुन्हा अॅम्प्लिफायरकडे आणण्यासाठी दुसरी २७ मीटरची तार ओढलेली मी ठिकठिकाणी पाहिली आहे. त्याची गरज नाही. आपला अॅम्प्लिफायर व्यासपीठाकडे असेल तर आवाज टेबलावरच संगणकातून वेगळा काढावा. ध्वनी बाहेर काढण्याचे तोंड असलेला एचडीबेसटी प्रेषक मिळाला तर उत्तम. वक्त्यांच्या लॅपटॉपचाही आवाज मग त्याच वाटेने येईल.

दुसरे असे की संगणक आणि प्रोजेक्टर वेगवेगळ्या फेजवर, वेगवेगळ्या अर्थिंगवर असतील तर त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या कवचातून प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमधून अखंड गुणगुण ऐकू येते. व्हीजीएवर हीच गोष्ट पडद्यावरून वर सरकणाऱ्या फिकट पट्ट्यांच्या रूपात दिसते. लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज थांबतो, हे त्याचे ओळखीचे लक्षण. त्यावर उपाय म्हणून चार्जरची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग भेटतात, तसे कदापि करू नये. दोन्ही उपकरणांना एकाच पॅनेलमधून, एकाच अर्थिंगची वीज द्यावी; सभागृहात हे काम अवघड नसते.

भीमथडी यांनी विजांचा उल्लेख केला, त्यात एक दुरुस्ती करतो. ऑप्टिकल एचडीएमआयमध्ये वेगवान सिग्नल काचेतून जातात, परंतु पाच व्होल्टची तार आणि प्रोजेक्टरची ओळख सांगणारी जोडी बहुतेक केबलमध्ये तांब्याचीच असते. त्यामुळे दोन्ही टोके एकमेकांपासून पूर्ण तुटलेली असतात असे समजू नये. वळिवाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, कार्यक्रम संपल्यावर प्लग काढून ठेवण्याची शिस्त कोणत्याही केबलला लागू आहे.

आणि नेटवर्क केबलची नळी २३० व्होल्टच्या तारांच्या नळीला चिकटून लांबवर नेऊ नये. व्यासपीठावरच्या दिव्यांना डिमर असतील तर विशेष जपावे. ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे.

भीमथडी

तांब्याच्या तारांविषयीची दुरुस्ती मान्य आहे. नळीच्या आतल्या मापाचा विचार करता या ठिकाणी मीही एचडीबेसटीच्या बाजूने मत देईन. नळी ३२ मिलिमीटरची असती किंवा केबल उघड्या ट्रेमधून जाणार असती, तर माझे उत्तर ऑप्टिकलच राहिले असते. भाड्याने घेतलेल्या कार्यालयांत, जिथे काम झाले की केबल गुंडाळून परत न्यायची असते, तिथे तर मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही.

ग्रंथमित्र

कार्यकारिणीच्या बैठकीत एचडीबेसटीचा संच आणि शुद्ध तांब्याच्या दोन कॅट-६ केबल, असा प्रस्ताव ठेवतो. अॅम्प्लिफायर व्यासपीठाशेजारीच असल्यामुळे आवाजाची सूचनाही अमलात येईल. दोन शंका उरल्या. जुन्या व्हीजीए केबलचे काय करावे? आणि वक्त्यांच्या लॅपटॉपसाठी टेबलावर कोणती तोंडे द्यावीत?

कोकणकडा

जुनी व्हीजीए केबल आधी काढून टाकू नका, तिच्याकडूनच काम करून घ्या. दोन्ही बोंडे कापा. प्रोजेक्टरकडच्या टोकाला दोन्ही कॅट-६ आणि त्यांसोबत एक नायलॉनची दोरी एकापुढे एक अशा पायऱ्यांनी बांधून त्यावर टेप घट्ट गुंडाळा, म्हणजे गाठ एकाच जागी फुगणार नाही. नंतर एकाने टेबलाकडून जुनी केबल सावकाश ओढावी आणि दुसऱ्याने वरून नव्या केबल सरळ करत, शंखजिऱ्याची पूड लावत सोडाव्यात. कॅट-६ ला हिसका बसू देऊ नये. ताण फार झाला की आतल्या जोड्यांची पिळण लांबते आणि बाहेरून ते दिसत नाही. नायलॉनची दोरी मात्र काम झाल्यावरही नळीतच राहू द्यावी.

नळीत ओढण्यापूर्वी केबलला तात्पुरती टोके लावून ती सभागृहाच्या जमिनीवर मोकळी पसरा आणि आपलाच संगणक व आपलाच प्रोजेक्टर जोडून एक संध्याकाळ चालवून पाहा. पूर्ण काळे चित्र, पूर्ण पांढरे चित्र आणि लहान अक्षरांचा मजकूर, तिन्ही दाखवावेत. ठिपके दिसलेच तर ते काळ्यावर दिसतील. उरलेली केबल छतावर घट्ट वेटोळे करून ठेवू नये. ढील सैल वळणाने सोडावी किंवा कापून टाकावी.

टेबलावर एचडीएमआयचे एक तोंड आणि त्याला दोन मीटरची चांगली केबल कायमची लावलेली असावी. यूएसबी-सीवाल्या लॅपटॉपसाठी एक रूपांतरक साखळीने टेबलालाच बांधून ठेवावा, नाहीतर तो पहिल्याच व्याख्यानानंतर पाहुण्यांच्या पिशवीत निघून जातो. प्रत्येक यूएसबी-सी तोंडातून चित्र निघतेच असे नाही, म्हणून वक्त्यांना आधी यायला सांगून तपासणी करावी. तरीही अडले तर त्यांची फाइल वाचनालयाच्या संगणकावर घेणे हा मार्ग आहेच.

जोडणी झाल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील प्रगत पानावर जाऊन प्रत्यक्ष जाणारा सिग्नल कोणता आहे ते पाहावे. तिथे १९२० × १२०० आणि ६० हर्ट्झ दिसले पाहिजे. १९२० × १०८० दिसले तर प्रेषकावर ओळख-माहितीसाठी असलेली कळ ठराविक यादीवर ठेवलेली असते. ती प्रोजेक्टरचीच माहिती पुढे पाठवण्याच्या स्थितीत आणून संगणक पुन्हा सुरू करावा.